सापडणे आणि समजणे: इंटरनेटमुळे आपल्या जाणण्यात काय बदलले?

संदर्भकक्ष | शनिवार, सायंकाळी ६:२०

सर्वांना नमस्कार.

पुण्यातील एका जुन्या ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात मी २७ वर्षे काम केले आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. या काळात एक बदल माझ्या टेबलासमोरच घडत गेला. त्याविषयी येथील जाणत्या मंडळींशी सविस्तर बोलावे असे बरेच दिवस मनात होते.

पूर्वी वाचक प्रश्न घेऊन येत असत. 'पेशवाईत पुण्याला पाणी कुठून यायचे, याबद्दल काही मिळेल का?' अशी सुरुवात व्हायची. मग मी विचारायचे की नेमका कोणता काळ हवा, नळाबद्दल हवे की हौदांबद्दल, खर्चाचे कागद पाहायचे आहेत की कोणी लिहिलेली वर्णने. या बोलण्यातच त्या माणसाचा प्रश्न हळूहळू आकार घेत असे, आणि पुष्कळदा तासाभराने तो जो प्रश्न घेऊन पुस्तकांकडे वळायचा, तो आल्यावेळच्या प्रश्नापेक्षा निराळाच असायचा. शेवटच्या आठ-दहा वर्षांत मात्र वाचक उत्तर घेऊन येऊ लागले. उत्तर फोनवर आधीच सापडलेले असते; मार्गदर्शकांनी तळटीप मागितलेली असते, म्हणून त्या उत्तराला एखाद्या छापील पुस्तकाचा आधार तेवढा हवा असतो.

माझ्या निवृत्तीच्या सुमाराचा एक प्रसंग सांगते. कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या नळाने शहरात पाणी आणण्याचे काम नानासाहेब पेशव्यांच्या काळात झाले, हे पुणेकरांना ठाऊक आहे. या नळाच्या लांबीविषयीचे एक वाक्य घेऊन एक विद्यार्थी आला. मी आधार विचारला, तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, पाच ठिकाणी हेच दिले आहे." मी त्याला ती पाचही पाने एकापाठोपाठ उघडायला लावली. वाक्य शब्दशः तेच होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, नळावर ठिकठिकाणी हवा खेळती राहावी म्हणून बांधलेल्या 'उच्छ्वासां'चा उल्लेख पाचही ठिकाणी 'उश्वास' असा चुकीचा छापलेला होता. पाच जणांनी स्वतंत्रपणे चौकशी करून लिहिले असते, तर पाचही जणांनी नेमकी तीच चूक केली नसती. म्हणजे साक्षीदार एकच होता आणि चौघांनी त्याची नक्कल केली होती. कुणी कुणाची, हे मात्र अखेरपर्यंत कळले नाही.

मी त्याला भांडारकर संस्थेतल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीविषयी, म्हणजे अनेक हस्तलिखिते ताडून ठरवलेल्या संहितेविषयी, सांगितले. विष्णु सीताराम सुखटणकरांनी त्या कामाला शिस्त लावली, त्यांनी संपादिलेले आदिपर्व १९३३ साली पुरे झाले आणि संपूर्ण संहिता १९६६ साली पूर्ण झाली. त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते तपासली गेली. पण हस्तलिखिते मोजून पाठ ठरवता येत नाही. एकाच पोथीवरून दहा लेखकूंनी दहा प्रती केल्या असतील, तर त्या दहा प्रतींची साक्ष एकच धरावी लागते. आणि त्या एकाच घराण्यातल्या आहेत हे ओळखण्याची मोठी खूण म्हणजे त्यांच्यात समान असलेल्या चुका. बरोबर पाठ कोणाचेही जुळतील, चुका जुळल्या की नाते उघड होते. त्या मुलाला हे पटले, इतकेच नव्हे तर तो उत्साहाने कामाला लागला. तोपर्यंत त्याला असे कोणी सांगितलेच नव्हते.

माझे म्हणणे असे आहे. आपली स्मरणशक्ती गेली, मुले वाचत नाहीत, ही तक्रार मला करायची नाही. इंटरनेटमुळे 'सापडणे' आणि 'समजणे' या दोन क्रियांमधले अंतर आपल्याला जाणवेनासे झाले आहे, ही माझी चिंता आहे. पूर्वी सापडायलाच इतके कष्ट पडत की वाटेत थोडेफार समजून जायचे. आता सापडते क्षणात, आणि समजण्याचे काम अजून सुरूच झालेले नाही हे लक्षातही येत नाही.

यावर प्रयोग झालेले आहेत. २०११ साली 'सायन्स' या नियतकालिकात बेट्सी स्पॅरो, जेनी लिऊ आणि डॅनियल वेगनर यांचा निबंध प्रसिद्ध झाला. माहिती संगणकात जपून राहणार आहे असे सांगितले, की लोक ती कमी लक्षात ठेवतात, आणि माहितीपेक्षा ती कोणत्या फोल्डरमध्ये ठेवली आहे हे त्यांना अधिक आठवते, असे त्यांना आढळले. अवघड प्रश्न समोर आला की माणसाच्या मनात संगणकाशी संबंधित शब्द आधी येतात, असेही त्यात दाखवले होते. पुस्तकातली विद्या आणि दुसऱ्याच्या हातातले धन ऐन वेळी उपयोगी पडत नाहीत, या अर्थाचे सुभाषित आपण शाळेत शिकलो. फोनमधल्या विद्येला ते लागू पडते का? फोन तर ऐन वेळी हातातच असतो.

आपापल्या कामातला अनुभव कृपया लिहावा.

---

मनोव्यापार | शनिवार, रात्री ९:०५

ताई, विषय अतिशय चांगला मांडलात. मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवतो, त्यामुळे एक दुरुस्ती सुचवणे माझे कर्तव्य आहे. आपण उल्लेखिलेल्या २०११ च्या निबंधात एकाहून अधिक प्रयोग होते. 'सायन्स' आणि 'नेचर' या नियतकालिकांत २०१० ते २०१५ या काळात प्रसिद्ध झालेले सामाजिक शास्त्रांतले २१ प्रयोग एका मोठ्या संशोधकगटाने पुन्हा करून पाहिले आणि त्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध केले. त्यांपैकी १३ प्रयोगांत मूळ निष्कर्षाला दुजोरा मिळाला. अवघड प्रश्नानंतर संगणकाचे शब्द मनात येतात, हा प्रयोग मात्र दुजोरा न मिळालेल्यांत होता. फोल्डरचा आणि जपून ठेवण्याचा प्रयोग त्या फेरतपासणीत नव्हता, त्यामुळे त्याविषयी त्यातून काहीच निष्कर्ष काढता येत नाही.

आपल्या मूळ मुद्द्याला मात्र दुसरा एक अभ्यास अधिक जवळचा आहे. येल विद्यापीठातील मॅथ्यू फिशर, मारियल गोडू आणि फ्रँक कील यांनी २०१५ साली तो प्रसिद्ध केला. 'झिपर कशी चालते?' अशा प्रश्नांची उत्तरे काही लोकांना इंटरनेटवर शोधायला लावली आणि काहींना शोधू दिले नाही. त्यानंतर ज्यांचा त्या शोधाशी काडीचाही संबंध नाही अशा निराळ्याच विषयांवरचे प्रश्न तुम्हाला कितपत समजावून सांगता येतील, हे स्वतःच ठरवायला सांगितले. शोध घेऊन आलेल्या लोकांनी स्वतःला अधिक गुण दिले. सापडलेल्या माहितीमुळे आपण शहाणे झालो आहोत असे वाटते, आणि जे शोधलेच नव्हते तिथपर्यंत तो विश्वास पसरतो.

वेगनर यांनी त्याआधी, १९८० च्या दशकात, एक कल्पना मांडली होती. नवराबायको, भाऊभाऊ, एका कचेरीतली माणसे लक्षात ठेवण्याचे काम न ठरवता वाटून घेतात. नातेवाइकांच्या तिथी तिला ठाऊक, विम्याचे हप्ते त्याला ठाऊक. प्रत्येकाने सगळे लक्षात ठेवायचे नसते, कोणाला काय ठाऊक आहे एवढे ठाऊक असले की पुरते. आज आपण इंटरनेटला असाच एक घरचा माणूस मानू लागलो आहोत. फरक एवढाच की, घरच्या माणसाला एखादी गोष्ट ठाऊक नसेल तर तो तसे सांगतो, निदान त्याच्या चेहऱ्यावरून तरी ते कळते. शोधयंत्र काहीही विचारले तरी दहा दुवे पुढे ठेवते. त्याच्याकडे 'मला माहीत नाही' म्हणणारा चेहराच नाही.

---

पेठेतला | शनिवार, रात्री ९:४८

माझा अनुभव रस्त्यांचा आहे. मी ३० वर्षे मध्यवस्तीत औषधांची घाऊक पोच करतो. आमच्या पिढीच्या डोक्यातला नकाशा देवळांचा होता. पत्र्या मारुती, जिलब्या मारुती, भिकारदास मारुती, खुन्या मुरलीधर, डुल्या मारुती, एवढी नावे सांगितली की नवा मुलगा पंधरा दिवसांत सगळ्या पेठा फिरू लागायचा. आता कामाला येणारी मुले पहिल्या दिवसापासून अचूक पोचतात, आणि सहा महिन्यांनी रस्ता बंद असला की जागच्या जागी उभी राहतात, कारण एक बोळ दुसऱ्या बोळाला कुठे मिळतो हे त्यांनी कधी पाहिलेलेच नसते. मुले हुशार आहेत, दोष त्यांचा नाही. गणपतीत लक्ष्मी रस्ता आणि आजूबाजूचे रस्ते बंद झाले की पोचवायचे काम मला स्वतःला करावे लागते, म्हणून लिहिले.

---

मनोव्यापार | शनिवार, रात्री १०:१५

पेठेतला, याला जोडून एक सांगतो. लंडनच्या टॅक्सीचालकांना परवाना मिळण्यासाठी चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या परिघातले सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ करावे लागतात. एलेनॉर मॅग्वायर यांनी २००० साली दाखवले की, या चालकांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाचा मागचा हिस्सा इतरांपेक्षा मोठा असतो. ज्यांचा तो हिस्सा मुळात मोठा, तेच या धंद्यात येत असतील, अशी शंका घेण्यास तेव्हा जागा होती. २०११ साली शिकाऊ चालकांचा काही वर्षे पाठपुरावा केल्यावर, परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांमध्ये ही वाढ शिकण्याच्या काळातच झालेली दिसली. म्हणजे आपण डोक्यात काय भरतो, त्याने डोकेही बदलते.

---

हिंजवडी_दुसरी_पाळी | रविवार, पहाटे १:३०

मला येथे विरोध नोंदवायचा आहे आणि तो मनापासून आहे.

ताई, आपल्या टेबलापर्यंत जो वाचक पोचत होता तो पुण्यातला होता. मी मराठवाड्यातल्या एका लहान गावातून आलो. आमच्या गावच्या वाचनालयात दोन कपाटे होती, त्यांपैकी एकाची किल्ली ज्यांच्याकडे असायची ते गृहस्थ बहुधा शेतावर असत. अकरावीत भौतिकशास्त्र शिकवायला शिक्षक नव्हते. आयआयटी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या प्राध्यापकांची एनपीटीईएलवरची व्याख्याने मी तालुक्याच्या ठिकाणी सायबर कॅफेत बसून, तासाचे पैसे मोजून ऐकली. इंग्रजी कळत नव्हते म्हणून तेच वाक्य दहा दहा वेळा मागे नेऊन ऐकले. सापडण्यातल्या कष्टांमुळे समजत जाते, हे आपले म्हणणे खरे असेल, पण ते कष्ट करण्याची संधी तरी हाती असावी लागते. आमच्यासाठी सापडण्याचा दरवाजाच बंद होता आणि तो इंटरनेटने उघडला. 'पूर्वी' हा शब्द वाचला की मला पहिल्यांदा ते कुलूप लावलेले कपाट आठवते.

स्मृतीबद्दलही मला असेच वाटते. लिहिण्याची कला आली तेव्हाही तिने माणसे विसरभोळी होतील अशी भीती ग्रीसमध्ये सॉक्रेटिसच्या तोंडी घातलेली आहे, आणि ती आपल्यापर्यंत पोचली ती प्लेटोने लिहून ठेवली म्हणूनच.

---

संदर्भकक्ष | रविवार, सकाळी ८:१२

मनोव्यापार सर, दुरुस्तीबद्दल मनःपूर्वक आभार. तो निबंध मी प्रसिद्ध झाला त्या काळात वाचला होता आणि त्यानंतर बारा-तेरा वर्षे अनेकांना सांगत आले. २०१८ साली त्यातला एक प्रयोग पुन्हा तपासला गेला, हे मी कधी पाहिलेच नाही. पाहावेसे वाटले नाही, कारण मला तो 'माहीत' होता. जी गोष्ट एकदा सापडली ती तपासून पाहायची आपल्याला गरज वाटत नाही, हे मी इतरांबद्दल लिहिले होते, ते मलाही लागू आहे.

हिंजवडी, तुमचे लिखाण दोनदा वाचले. कुलूप लावलेल्या कपाटाविषयी तुम्ही लिहिलेत ते माझ्या लेखनात यायलाच हवे होते. आमच्या ग्रंथालयातही संदर्भ विभागात प्रवेश मिळण्यासाठी शिफारसपत्र लागत असे, आणि कितीतरी जण ते आणण्याच्या भानगडीत न पडता परत जात. एका व्याख्यानातले एकच वाक्य तुम्ही दहा वेळा ऐकलेत, त्याला मी समजून घेण्याचे कष्ट म्हणते, मग साधन कोणतेही असो.

---

नववी_ब | रविवार, सकाळी ११:४०

मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. ताईंनी पाच पाने एकापाठोपाठ उघडायला लावली, तो प्रसंग मी उद्या वर्गात सांगणार आहे, पण एका मुद्द्यावर मला त्यांच्याशी बोलायचे आहे.

काळजीपूर्वक वाचणे हाच उपाय, असे आपण शिक्षक आणि ग्रंथपाल वर्षानुवर्षे सांगत आलो. २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी १० इतिहास-संशोधक, १० व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि २५ विद्यार्थी अशा तीन गटांना काही संकेतस्थळे दाखवून कोणते विश्वासार्ह ते ठरवायला सांगितले. पीएच.डी. झालेले इतिहासकारही पानाच्या नेटक्या मांडणीला आणि भारदस्त नावाला फसले. तथ्यतपासनीस मात्र कमी वेळात योग्य निष्कर्षापर्यंत पोचले, कारण त्यांनी ते पान वाचत बसण्याऐवजी ते जवळजवळ लगेच सोडले, शेजारी नव्या खिडक्या उघडल्या आणि ही संस्था कोणाची आहे, तिच्याविषयी इतर काय म्हणतात, हे आधी पाहिले. पुस्तक हाती आले की ते शांतपणे वाचायचे, ही आपली सवय इथे आड येते. पुस्तक आपल्या हाती येण्याआधी प्रकाशक, संपादक आणि ग्रंथपाल यांच्या चाळणीतून गेलेले असते. पडद्यावरच्या पानाला चाळणी लागली आहे की नाही, हेच आधी शोधावे लागते.

माझ्या वर्गातला अनुभव सांगते. आपल्या राष्ट्रगीताला युनेस्कोने जगातले सर्वोत्तम राष्ट्रगीत घोषित केले, हा संदेश कितीतरी वर्षे फिरतो आहे. युनेस्कोने अशी कोणतीही घोषणा केलेली नाही. गेल्या ऑगस्टमध्ये हा संदेश आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, तेव्हा मी तो छापून वर्गात नेला आणि खरा आहे का ते ठरवायला मुलांना सांगितले. पहिल्या दहा मिनिटांत सर्वांनी संदेशाचाच कीस पाडला. भाषा बरोबर आहे, तारीख दिलेली नाही, शेवटी अभिमानाचे वाक्य आहे, वगैरे. नंतर एका मुलीने विचारले, "बाई, पण युनेस्को देशांच्या राष्ट्रगीतांना क्रमांक देते का? म्हणजे हे तिचे कामच आहे का?" तिने संदेश बाजूला ठेवला होता. मी फळ्यावर काहीही लिहिले नाही. उरलेला तास मुलांनी युनेस्को काय काम करते, हे शोधण्यात घालवला.

मला जे शिकवायचे होते ते त्या मुलीने सुचवले, पण हा प्रश्न तिला सुचला तो युनेस्को म्हणजे काय याची थोडी कल्पना तिला आधीच होती म्हणून. काहीच ठाऊक नसेल तर शंकादेखील घेता येत नाही.

---

औटकी | रविवार, दुपारी २:२५

नववी_ब बाईंचे शेवटचे वाक्य मला फार मोलाचे वाटते. माझे वय ७८ आहे. आमच्या लहानपणी पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी (म्हणजे साडेतीनचा पाढा) असे अपूर्णांकांचे सर्व पाढे संध्याकाळी दिवेलागणीला म्हणून घेत. पुष्कळांना ती निरर्थक घोकंपट्टी वाटते. मी पुढे रविवार पेठेत भुसार मालाच्या दुकानात बसू लागलो तेव्हा त्याचा अर्थ कळला. साडेतीनच्या दराने अठरा म्हणजे त्रेसष्ट, हे उत्तर मनात आपोआप उभे राही, त्यामुळे लक्ष गिऱ्हाइकाकडे आणि मालाकडे राहत असे. समोरच्याने सांगितलेली बेरीज चुकली, तर ती का चुकली हे कळण्याआधीच कानाला खटकत असे. गणकयंत्र उत्तर बरोबर देते, पण आकडा चुकीचा टाकला गेला तर ते तक्रार करीत नाही, आणि ज्याच्या मनात पाढा नाही त्यालाही काही खटकत नाही.

वेदपाठशाळांत पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ असे निरनिराळ्या क्रमाने पाठांतर करवतात, त्यामागेही अशीच योजना आहे. तेच शब्द पुढून, मागून, जोडीने म्हणायचे असल्यामुळे एखादा स्वर हलला तरी तो कुठेतरी अडखळतो आणि सापडतो. आमच्या पिढीचे पाठांतर म्हणजे नुसता साठा नव्हता. चूक पकडण्याचे ते एक साधन होते.

---

अक्षरजुळणी | रविवार, सायंकाळी ७:१०

मी १९९४ पासून सदाशिव पेठेत डीटीपीचे काम करतो. आतापर्यंत सर्वांनी सापडलेल्या गोष्टींविषयी लिहिले, मला जे सापडतच नाही त्याविषयी लिहायचे आहे.

युनिकोड रूढ होण्याआधी मराठी मजकूर वेगवेगळ्या कंपन्यांच्या फॉन्टमध्ये असायचा आणि प्रत्येक फॉन्टचा संकेत वेगळा असे. पडद्यावर 'क' दिसत असला तरी फाइलीच्या आत तो एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह म्हणून साठवलेला असे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण आमच्या व्यवसायात ती रुळायला पुढे पंधरा-वीस वर्षे गेली. त्या काळात पुण्यात किती गौरवग्रंथ, संस्थांच्या स्मरणिका, कुलवृत्तान्त आणि ग्रामदैवतांच्या पुस्तिका छापल्या गेल्या, याची गणती नाही. माझ्याच दुकानातून अशा शेकडो पुस्तिका गेल्या आहेत.

मागच्या महिन्यात एका मंडळाने १९९८ च्या स्मरणिकेची फाइल मागितली. सीडी निघाली, पेजमेकरची फाइलही उघडली. पण ज्या फॉन्टमध्ये ती केली होती तो नव्या संगणकावर नव्हता, त्यामुळे पानभर कंस, टक्क्यांची चिन्हे आणि रोमन अक्षरे दिसली. हा मजकूर इंटरनेटवर चढवला असता तरीही कोणाला शोधून सापडला नसता, कारण शोधणारा 'वाडा' लिहिणार आणि फाइलीत त्या जागी भलतीच चिन्हे असणार. पुष्कळ जुनी मराठी पुस्तके स्कॅन होऊन इंटरनेटवर आली आहेत, पण त्यांतली बरीच नुसती पानांची चित्रे आहेत, त्यांतला शब्द शोधता येत नाही.

परिणाम काय होतो ते पाहा. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा असलेले लोक ८ कोटी ३० लाख होते. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे आणि त्यावर लाखाच्या आसपास लेख आहेत, इंग्रजीवर ते सत्तर लाखांच्या घरात आहेत. त्यामुळे पुण्यातल्या मुलाला पुण्यातल्याच एखाद्या गोष्टीची माहिती हवी असली, तरी त्याला बहुतेक वेळा इंग्रजीत कोणीतरी लिहिलेले किंवा त्याचे भाषांतर मिळते. आणि जे मिळाले नाही, ते नव्हतेच असे तो समजतो. केतकरांनी ज्ञानकोशाचे २३ खंड काढले ते मराठी माणसाला मराठीत ज्ञान मिळावे म्हणून. आपण मधल्या काळात मराठीत भरपूर लिहिले, पण ते यंत्राला वाचता येणार नाही अशा रूपात ठेवले. यात माझाही हात आहे, याचे मला वाईट वाटते.

---

मोडीवाचक | रविवार, रात्री ८:३०

अक्षरजुळणी यांच्याशी पूर्ण सहमत. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे कोट्यवधी कागद आहेत, बहुतांश मोडीत. गो. स. सरदेसाईंच्या संपादनाखाली त्यांतली निवड ४५ खंडांत प्रसिद्ध झाली, ती एकूण कागदांच्या तुलनेत ओंजळभर आहे. इंटरनेटवर पेशवाईविषयी जे लिहिले जाते ते बहुतेक त्या ओंजळीवरून किंवा त्या ओंजळीवरून लिहिलेल्या पुस्तकांवरून. कात्रजच्या नळाविषयीच्या त्या विद्यार्थ्याने मोडी शिकून दप्तरातला रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, उघडला असता, तर त्याला पाचाऐवजी सहावा साक्षीदार मिळाला असता, आणि तो इतर पाचांचा नातेवाईक नसता.

---

हिंजवडी_दुसरी_पाळी | रविवार, रात्री ११:५५

काल मी विरोध केला होता आणि प्रवेशाच्या मुद्द्यावर तो कायम आहे. पण ताईंचा तो 'उश्वास' दिवसभर डोक्यातून गेला नाही. माझे काम भाषाप्रारूपांशी (लँग्वेज मॉडेल्सशी) संबंधित आहे, त्यामुळे त्यात मला जे दिसले ते सांगतो.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले, आणि तेव्हापासून पुष्कळ लोक दुवे उघडण्याऐवजी थेट उत्तर वाचू लागले आहेत. हे प्रारूप पानांच्या प्रती जशाच्या तशा साठवून ठेवत नाही. असंख्य पाने वाचून पुढचा शब्द कोणता येण्याची शक्यता अधिक, हे ते शिकलेले असते. त्या पाच पानांतली लांबी चुकीची असेल आणि त्याने ती वाचली असेल, तर ती पाच वेळा वाचलेली असल्यामुळे अधिक बळकट होते. पण उत्तर लिहिताना ते 'उच्छ्वास' हा शब्द शुद्ध लिहील, कारण शुद्ध रूपही त्याने इतरत्र वाचलेले आहे. म्हणजे मजकुरातली चूक तशीच राहील आणि ती ओळखण्याची खूण तेवढी पुसली जाईल. ताईंनी ज्या धाग्याला धरून नक्कल पकडली तो धागाच उरणार नाही. भाषा जितकी स्वच्छ, तितके मूळ शोधणे अवघड.

काही साधने आता उत्तराखाली दुवे देतात. ते उघडून पाहावेत एवढेच मी सध्या म्हणू शकतो. आमच्या कामात दुसऱ्याने लिहिलेला कोड उचलून चालवायचा आणि तो चालला की पुढे जायचे, ही सवय मलाही होती. एका रात्री तसाच उचललेला तुकडा बंद पडला आणि आमच्या नऊ जणांच्या गटात तो काय करतो हे सांगणारे कोणीही नव्हते. पहाटेपर्यंत ओळ न् ओळ वाचून काढली. त्या रात्री जे कळले ते अजून लक्षात आहे.

अक्षरजुळणी काका, जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचे काम अशक्य नाही. प्रत्येक संकेताला कोणते अक्षर, याची सारणी करावी लागते. पहिली वेलांटी जुन्या फॉन्टमध्ये अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि युनिकोडमध्ये नंतर यावी लागते. रफाराचे नेमके उलट असते. जोडाक्षरे सर्वांत अधिक त्रास देतात. सारणी मी करून देईन, पण शेवटी छापील प्रत समोर ठेवून कोणीतरी मुद्रितशोधन करावे लागेल, ते यंत्रावर सोडता येणार नाही.

---

संदर्भकक्ष | सोमवार, सकाळी ७:३५

हिंजवडी, खूण पुसली जाईल हे तुमचे म्हणणे वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. सुखटणकरांच्या हाती आलेल्या पोथ्या लिहिणाऱ्या लेखकूंनी आपापल्या चुका जशाच्या तशा ठेवल्या, म्हणून त्यांना पोथ्यांची घराणी लावता आली. प्रत्येक लेखकूने मजकूर सफाईदार करून लिहिला असता, तर त्यांनी काय केले असते, हे मला सांगता येत नाही.

मुद्रितशोधन मी करीन. निवृत्तीनंतर सकाळचे तीन तास मोकळे असतात. अक्षरजुळणी, आपल्याकडे वाडे, हौद किंवा जुन्या पाणीपुरवठ्याविषयी ज्या स्मरणिका असतील त्या आधी घेऊ, कारण तो कात्रजचा विद्यार्थी अजून माझ्या संपर्कात आहे आणि मोडीवाचक यांनी वेळ दिला तर तो शिकायला तयार होईल. छापील प्रती आहेत का?

---

अक्षरजुळणी | सोमवार, सकाळी ९:०२

ताई, माळ्यावरचे खोके उतरवले. त्या विषयाच्या १४ फाइली आहेत, त्यांतल्या दोन उघडत नाहीत. ११ पुस्तिकांच्या छापील प्रती दुकानात आहेत. उरलेल्या तिघांपैकी एका मंडळाच्या सचिवांना आत्ताच फोन केला, ते त्यांच्या कपाटात पाहून संध्याकाळी कळवणार आहेत.